थंडीत सकाळी स्टीअरिंग जड होतंय? गाडी नुसती गारठलीय की बिघडलीय, हे असं ओळखा

पहाटेचे साडेपाच. निफाड तालुक्यातलं आमचं गाव, डिसेंबरचा शेवटचा आठवडा, आणि मला नाशिकरोडहून मुंबईची गाडी पकडायची होती. काकांनी त्यांच्या पंधरा वर्षं जुन्या डिझेल गाडीला सेल्फ मारला. दोन-तीनदा खाकरून ती चालू झाली. आता अंगणात गाडी वळवून फाटकाबाहेर काढायची, एवढंच काम होतं. काकांनी स्टीअरिंग फिरवलं तर ते फिरेना. बोनेटखालून कुत्र्याचं पिल्लू केकाटावं तसा आवाज आला. काकांनी सीटवरून अर्धवट उठून दोन्ही हातांनी जोर लावला. चाक वळलं, पण उशिरा. डाव्या बाजूचा आरसा फाटकाच्या खांबाला लागून खाली पडला.

"थंडीचं होतं असं," काका म्हणाले. "दहा मिनिटं चालली की येतं मऊ."

आणि खरंच, गाव मागे पडलं तोवर स्टीअरिंग बऱ्यापैकी हलकं झालं होतं. माझी ट्रेनही चुकली नाही. आरसा सोडला तर काही बिघडलं नाही, असं आम्हाला वाटलं. चार दिवसांनी आरसा बसवायला गाडी गॅरेजला गेली तेव्हा मेस्त्रींनी सहज पॉवर स्टीअरिंगच्या ऑईलच्या डबीचं झाकण उघडून बघितलं. डबीच्या तळाशी बोटभर ऑईल होतं, तेही डांबरासारखं काळं. एका होज पाईपाच्या जोडातून कित्येक आठवडे गळती चालू होती. "नाना, थंडीनं काही केलेलं नाही," मेस्त्री म्हणाले, "थंडीनं फक्त सांगितलं तुम्हाला."

दर हिवाळ्यात ही तक्रार अनेक घरांत ऐकू येते आणि "थंडी आहे" या एका वाक्यावर सोडून दिली जाते. कधी ते खरंही असतं. पण कधी त्या वाक्याखाली गळणारा पाईप, सैल पट्टा किंवा मरायला टेकलेली बॅटरी लपलेली असते. दोन्हीतला फरक घरच्या घरी, एकही पाना न उचलता ओळखता येतो.

आधी बघा, तुमची गाडी कुठल्या जातीची आहे

पॉवर स्टीअरिंगच्या मुख्य जाती दोन. ऑईलवर चालणारी आणि विजेवर चालणारी. दोघींना थंडी बाधते, पण वेगळ्या कारणांनी. त्यामुळे आपली कुठली, हे माहीत नसताना केलेला उपाय वाया जातो.

ऑईलवाली म्हणजे हायड्रॉलिक. बोलेरो, जुनी स्कॉर्पिओ, सुमो, क्वालिस, तवेरा, पहिली इनोव्हा या सगळ्या याच प्रकारातल्या. ट्रॅक्टर, ट्रक आणि बसलाही बहुतेक हेच असतं. बोनेट उघडल्यावर एक छोटी डबी दिसते, झाकणावर स्टीअरिंगचं चित्र असतं. ती दिसली तर तुमची गाडी ऑईलवाली.

डबी कुठेच नसेल आणि गाडी गेल्या दहा-बारा वर्षांतली छोटी हॅचबॅक किंवा सेडान असेल, तर ती बहुधा इलेक्ट्रिक. यात ऑईल नसतंच. एक मोटर स्टीअरिंगच्या दांड्याला किंवा खाली रॅकला जोर देते. अशी कॉलमवर बसवलेली इलेक्ट्रिक यंत्रणा १९८८ साली सुझुकीने जपानमधल्या सर्व्हो नावाच्या छोट्या गाडीत पहिल्यांदा दिली. आज आपल्याकडच्या बहुतेक नव्या गाड्या याच वाटेवर आहेत, कारण यात इंजिनाची ताकद सतत खर्च होत नाही.

ज्यांनी मारुती ८०० किंवा प्रीमिअर पद्मिनी चालवली आहे त्यांना हे सगळं कौतुक वाटणार नाही. त्या गाड्यांना पॉवर स्टीअरिंगच नव्हतं. पण त्या हलक्या होत्या आणि त्यांचे टायर अरुंद होते. आजची दीड-दोन टनांची गाडी, तिचे रुंद टायर, आणि मदत अचानक बंद, हे प्रकरण वेगळं असतं.

ऑईल घट्ट होतं म्हणजे नक्की काय होतं?

थंडीत खोबरेल तेलाची बाटली गोठते, काकवीची धार हळू पडते, हे आपण घरात बघतो. स्टीअरिंगचं ऑईल आपल्याकडच्या थंडीत गोठत नाही, त्यासाठी लागणारा गारठा महाराष्ट्रात पडत नाही. पण ते दाट मात्र होतं. अनेक गाड्यांत जे लालसर ऑईल वापरतात ते १०० अंश सेल्सिअसला जेवढं दाट असतं, त्याच्या साधारण पाचपट दाट ४० अंशांना असतं. पारा पाच-सहा अंशांवर आला की ते त्याहूनही कित्येक पट दाट होतं. निफाडच्या थंडीची बातमी दर हिवाळ्यात येते. द्राक्षाचे मणी तडकू नयेत म्हणून शेतकरी बागेत पहाटे शेकोट्या पेटवतात. त्याच पहाटे अंगणात उभ्या असलेल्या गाडीच्या पाईपातलं ऑईलही तेवढंच गारठलेलं असतं, त्याच्यासाठी कुणी शेकोटी पेटवत नाही.

आता यंत्रणा बघा. इंजिन फिरलं की पट्टा फिरतो, पट्ट्यावर पंप फिरतो. पंप डबीतलं ऑईल ओढून जोराने पुढे ढकलतो. तुम्ही स्टीअरिंग ज्या बाजूला वळवाल त्या बाजूची वाट एक छोटा व्हॉल्व्ह उघडतो आणि ऑईलचा दाब चाकं वळवायला मदत करतो. उभ्या गाडीत पार्किंग करताना हा दाब ७०-८० बारपर्यंत, काही गाड्यांत त्याहूनही वर जातो. टायरमध्ये आपण जी हवा भरतो ती साधारण सव्वादोन बार असते. म्हणजे टायरच्या तीसपट-चाळीसपट दाब त्या बोटाएवढ्या पाईपात असतो. गळती लहान असली तरी ती का वाढत जाते, ते यावरून लक्षात येईल.

ऑईल दाट असलं की पंपाला ते डबीतून पटकन ओढता येत नाही. मग तो ऑईलबरोबर हवेचे बुडबुडे गिळतो आणि रडका, घुमणारा आवाज काढतो. व्हॉल्व्हच्या बारीक वाटांतूनही ऑईल सावकाश सरकतं, म्हणून मदत उशिरा पोहोचते. पंपावर ताण आला की सैल पट्टा घसरतो आणि केकाटतो. आमच्या अंगणात त्या पहाटे हे तिन्ही एकदम झालं होतं.

गाडी चालली, पंपाने ऑईल फिरवलं, बोनेटखाली ऊब आली की ऑईल पातळ होतं आणि स्टीअरिंग मऊ येतं. इथपर्यंत काकांचं म्हणणं बरोबर होतं.

"गरम झाल्यावर जातंय ना, मग सोडा"

इथेच खरी गफलत आहे. गरम झाल्यावर जातं म्हणजे बिघाड नाही, असं होत नाही.

१९८० च्या दशकात अमेरिकेत जनरल मोटर्सच्या अनेक गाड्यांमध्ये एक तक्रार यायची. सकाळी स्टीअरिंग दगड, थोड्या वेळाने लोणी. तिथल्या मेकॅनिकांनी याला नाव ठेवलं 'मॉर्निंग सिकनेस'. गरोदरपणात सकाळी मळमळतं त्यालाही इंग्रजीत हेच म्हणतात. कारण निघालं ते असं : स्टीअरिंगच्या ॲल्युमिनियमच्या घरात टेफ्लॉनच्या कड्या फिरून फिरून खाचा पडायच्या. गार असताना कड्या ताठ असायच्या आणि खाचांमधून दाब निसटायचा. गरम झाल्या की त्या फुगून फट बुजवायच्या आणि सगळं ठीक वाटायचं. दरवर्षी खाचा थोड्या खोल व्हायच्या आणि सकाळचा त्रास थोडा लांबायचा. शेवटी आख्खा रॅकच बदलावा लागायचा.

म्हणून बघायचं ते हे : स्टीअरिंग मऊ व्हायला किती वेळ लागतो, आणि गेल्या थंडीपेक्षा तो वेळ वाढलाय का?

माझ्या मते घड्याळ लावूनच बघावं, कारण अंदाजात आपण गाडीची बाजू घेतो. सकाळी गाडी चालू करा, एक-दोन मिनिटं तशीच राहू द्या, मग मोकळ्या जागेत सावकाश दोन्ही बाजूंना वळवून बघा. पहिली काही वळणं थोडी जड आणि मग हलकं, आवाज नाही, ऑईलची पातळी जागेवर. अशी गाडी गारठलेली आहे, आजारी नाही. दहा मिनिटांनीही जड, किंवा एकाच बाजूला जड, किंवा वळताना झटके देत जड, किंवा दुपारच्या उन्हातही पार्किंग करताना घुमणारा आवाज, यातलं काहीही असेल तर थंडीला दोष देणं थांबवा.

डबीचं झाकण उघडायला मेस्त्री लागत नाही. डबीवर किमान-कमालच्या रेषा असतात. काही गाड्यांत गार आणि गरम अशा वेगळ्या खुणा असतात, सकाळी बघताय तर गारवाली खूण धरा. ऑईल टिश्यूवर टिपून बघा. लाल, हिरवट किंवा पिवळसर आणि पारदर्शक असेल तर ठीक. काळपट तपकिरी, जळका वास, तर बदलायची वेळ गेली आहे. फेस असेल तर कुठून तरी हवा आत शिरतेय. आणि पातळी खाली गेलेली असेल तर हे लक्षात ठेवा की ही बंद यंत्रणा आहे. इंजिन ऑईलसारखं यातलं ऑईल जळून संपत नाही. कमी झालंय म्हणजे गळलंय. रात्री गाडीखाली पुढच्या बाजूला एक पुठ्ठा पसरून ठेवा, सकाळी डाग कुठे पडतो ते मेस्त्रींना दाखवा. त्यांची निम्मी मेहनत वाचते.

पट्ट्याचंही तसंच. सकाळी दवामुळे पट्टा एखाद-दोन मिनिटं चिरकतो आणि गप्प होतो, ते चालतं. पण स्टीअरिंग फिरवलं की दर वेळी केकाटत असेल, पट्ट्याच्या कडा उसवलेल्या असतील, आतली बाजू काचेसारखी चकचकीत झाली असेल, तर तो घसरतोय. बघताना इंजिन बंद हवं आणि किल्ली खिशात, हे सांगायची गरज नसावी, पण ओढणी आणि मफलर या दिवसांत गळ्यात असतात म्हणून सांगितलं.

रीलवरचे उपाय

स्टीअरिंग जड झालंय म्हणून मोबाईलवर शोधलं की तीस सेकंदांत उपाय सांगणारे भरपूर भेटतात. त्यातले काही महागात पडणारे आहेत.

ब्रेक ऑईल टाकणं हा सगळ्यात वाईट. दोन्ही 'ऑईल' म्हणून ओळखली जातात, पण ब्रेकचं द्रव वेगळ्या रसायनाचं असतं. स्टीअरिंगमधली रबरी सीलं त्यासाठी बनवलेली नसतात. ती फुगतात, सैल पडतात आणि थोड्याच दिवसांत पंपापासून रॅकपर्यंत सगळीकडून गळती सुरू होते. इंजिन ऑईल टाकणारेही आहेत, ते तर थंडीत आणखी दाट. 'लाल ते लाल' हा नियमही खरा नाही, रंग कंपनी ठरवते. काही कंपन्यांच्या गाड्यांना त्यांचं स्वतःचं ठरलेलं ऑईलच लागतं. डबीच्या झाकणावर किंवा मॅन्युअलमध्ये ऑईलचं नाव लिहिलेलं असतं, तेच घ्या.

गळती थांबवणाऱ्या बाटल्या मिळतात. त्यातलं द्रव सील थोडी फुगवतं आणि काही दिवस डाग पडत नाही. गावाला जायचंय, गॅरेज सोमवारी उघडणार, अशा वेळी मी समजू शकते. पण तो उपाय नाही, मुदतवाढ आहे.

आणि एक, "सकाळी स्टीअरिंग पूर्ण वळवून धरून ठेवा, ऑईल लवकर गरम होतं." गरम होतं हे खरं आहे, कारण त्या वेळी पंप सगळा जोर लावतो आणि ऑईलला जायला जागा नसते. पण त्यात पंपाचं आयुष्य जातं. शेवटपर्यंत वळवलं की किंचित मागे घ्यावं, चार-पाच सेकंदांपेक्षा जास्त धरून ठेवू नये. पार्किंग करतानासुद्धा.

जुनं ऑईल बदलायचं असेल तर ते अवघड काम नाही. आमच्या मेस्त्रींनी मोठ्या सिरिंजने डबीतलं काळं ऑईल ओढून काढलं, होज आणि पट्टा बदलला, नवीन ऑईल भरलं, पुढची चाकं जॅकवर उचलली आणि इंजिन बंद ठेवून स्टीअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत पंधरा-वीस वेळा फिरवलं. आत अडकलेली हवा बुडबुड्यांनी डबीत वर आली. मग गाडी चालू करून परत तेच, परत थोडं ऑईल काढून नवं. तिसऱ्या खेपेला रंग स्वच्छ दिसला. ऑईलचा खर्च काहीशे रुपयांचा. हीच गळती आणखी वर्षभर तशीच राहिली असती तर कोरडा चालून पंप गेला असता, आणि मग आकडा हजारांत.

ऑईल नाही, तरी थंडीत जड?

इलेक्ट्रिक स्टीअरिंगवाल्यांना वाटतं, आपल्याला काही नाही. खरं तर त्यांची सकाळ बॅटरीच्या हातात असते.

पार्किंगमध्ये उभ्या उभ्या चाकं वळवताना मोटर बॅटरीतून मोठा विद्युतप्रवाह ओढते. थंडीत बॅटरीची ताकद घटते. शून्य अंशाला तिची क्षमता साधारण पाचव्या भागाने कमी होते, आणि बॅटरी चार वर्षं जुनी असेल तर आधीच बरीच गेलेली असते. त्यात सेल्फ, हेडलाईट, काचेचा डिफॉगर सगळं एकदम चालू. व्होल्टेज पडलं की गाडीचा संगणक स्टीअरिंगची मदत कमी करतो किंवा बंद करतो. डॅशबोर्डवर स्टीअरिंगचं चित्र आणि बाजूला उद्गारचिन्ह, पिवळं किंवा लाल, उमटतं. लोक थेट स्टीअरिंगची मोटर गेली समजतात आणि पोटात गोळा येतो.

आधी बॅटरी तपासा. रात्रभर उभ्या गाडीत मल्टिमीटरवर १२.६ व्होल्टच्या आसपास दिसलं तर बॅटरी भरलेली. १२.२ च्या खाली म्हणजे निम्मी रिकामी. गाडी चालू असताना आकडा १३.७ ते १४.५ च्या दरम्यान हवा, नाही तर अल्टरनेटर बघायला हवा. मल्टिमीटर नसेल तर बॅटरीच्या दुकानात पाच मिनिटांत तपासून देतात. टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशीसारखी पावडर साचली असेल तर ती साफ करून नट घट्ट करणं एवढ्यानेही काही दिवे विझतात. बॅटरी काढून लावल्यानंतर हाच दिवा लागला तर काही गाड्यांत थोडं अंतर चालवल्यावर किंवा स्टीअरिंग दोन्ही टोकांना एकेकदा फिरवल्यावर तो जातो. बॅटरी चांगली असूनही तो राहिला तर मात्र सर्व्हिस सेंटर.

हवा, ग्रीस आणि नवशिक्यांची एक गंमत

कधी पॉवर स्टीअरिंगचा काही संबंधच नसतो. थंड हवा आकसते. तापमान २० अंशांनी उतरलं की टायरमधला दाब साधारण तीन पीएसआयने कमी होतो. नाशिक-निफाडकडे थंडीत दुपार आणि पहाट यांच्यात एवढा फरक सहज पडतो. दुपारी पंपावर गरम टायरमध्ये ३३ भरून आलात तर पहाटे ती ३० च असते. त्यात महिनाभर हवा तपासलेली नसेल तर टायर रस्त्याला चिकटल्यासारखा वागतो. हवा सकाळी, टायर गार असताना भरा. हा सगळ्यात स्वस्त उपाय आहे आणि म्हणूनच कुणी करत नाही.

जुन्या गाड्यांत स्टीअरिंगच्या दांड्याचे सांधे आणि खालचे बॉल जॉइंट गंजतात, त्यातलं ग्रीस सुकतं, थंडीत आणखी आवळतात. ओळखायची खूण अशी की वळणानंतर स्टीअरिंग आपोआप सरळ होत नाही, तुम्हाला परत आणावं लागतं.

आणि गाडी बंद असताना स्टीअरिंग एका जागी कच्चं अडकलं असेल तर तो बिघाड नाही, चोरांसाठी असलेलं लॉक आहे. स्टीअरिंग किंचित हलवत किल्ली फिरवा. हसू नका, या एका गोष्टीसाठी मी स्वतः एकदा मैत्रिणीला टोइंगवाल्याचा नंबर दिला आहे.

चालत्या गाडीत जड झालं तर

आता यातला गंभीर भाग. मदत बंद पडली तरी चाकं आणि स्टीअरिंग यांचा जोड तुटत नाही. गाडी वळते, फक्त जोर जास्त लागतो. आणि वेग जितका कमी तितका जोर जास्त. ६० च्या वेगात सरळ रस्त्यावर कळणारही नाही, पण घाटातल्या अरुंद वळणावर, वेग उतरवल्यावर, नेमकं तेव्हाच ते हातात येतं.

२०१८ मध्ये टेस्लाने मॉडेल एस या गाडीच्या सुमारे १ लाख २३ हजार गाड्या परत बोलावल्या. कारण थंडीशीच जोडलेलं होतं. बर्फाळ प्रदेशांत रस्त्यावर बर्फ वितळवायला जे मीठ टाकतात, त्यामुळे पॉवर स्टीअरिंगच्या मोटरचे बोल्ट गंजत होते. बोल्ट तुटले तर मदत बंद. कंपनीने तेव्हा ग्राहकांना जे सांगितलं त्याचा मतितार्थ हाच होता : गाडी ताब्यात राहते, पण कमी वेगात आणि पार्किंगमध्ये जास्त जोर लावावा लागेल. बॉस्टन, टोरंटोकडे राहणारे तुमचे नातेवाईक हिवाळ्यात गाडीचा खालचा भाग वारंवार धुतात, त्यामागे हे मीठ आहे.

म्हणून चालत्या गाडीत अचानक जड झालं तर दोन्ही हातांनी घट्ट धरा, ॲक्सिलरेटर सोडा, इंडिकेटर देऊन सावकाश कडेला या. वळण येण्याआधी थोडं लवकर वळवायला सुरुवात करा. इंजिन बंद करू नका. आणि डॅशबोर्डकडे एक नजर टाका. स्टीअरिंग जड, बॅटरीचा लाल दिवा आणि तापमानाचा काटा वर, हे तिन्ही एकत्र दिसलं तर पट्टा तुटला आहे. अनेक गाड्यांत पाण्याचा पंप, अल्टरनेटर आणि स्टीअरिंग एकाच पट्ट्यावर चालतात. कडेला उभी करून तेव्हा मात्र इंजिन लगेच बंद करा, नाही तर इंजिन शिजतं.

आणि घाटात उतारावर डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रल करून किल्ली बंद करायची सवय. ती अजून आहे, माझ्या घरातही होती. इंजिन बंद झालं की हायड्रॉलिक स्टीअरिंगची मदत त्या क्षणी जाते. ब्रेकच्या बूस्टरमध्ये एक-दोन पॅडल पुरेल एवढंच बळ उरतं, मग ब्रेकही दगड होतो. त्यात किल्ली पूर्ण मागे फिरली तर वळणावर स्टीअरिंग लॉक होऊ शकतं. पहाटेच्या गारठ्यात, अर्धवट धुक्यात, हे तिन्ही एकदम होण्यासाठी वाचलेलं डिझेल चहाच्या कपाएवढं असतं.

मनाली, काश्मीरला गाडी घेऊन जाताय?

पुण्या-मुंबईहून स्वतःची गाडी घेऊन बर्फ बघायला जाणाऱ्यांसाठी थोडं वेगळं. द्राससारख्या ठिकाणी पारा उणे २० च्याही खाली जातो. तिथे डिझेलही घट्ट होतं, म्हणून इंडियन ऑईलने २०१९ मध्ये लडाखसाठी उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं राहणारं खास हिवाळी डिझेल आणलं. महाराष्ट्रात भरलेल्या जुन्या ऑईलची तिथे परीक्षा होते. निघण्याआधी बॅटरी, पट्टा आणि स्टीअरिंग ऑईल तीन गोष्टी दाखवून घ्या. मुक्कामी गाडी लावताना चाकं सरळ ठेवा. सकाळी चाकांच्या कमानीत चिखलमिश्रित बर्फ दगडासारखा गोठलेला असतो, त्यामुळेही स्टीअरिंग अडतं. जोर लावू नका, लाकडी काठीने तो खरवडून काढा, कोमट पाणी चालेल, उकळतं नको.

तिथे एक उलटी खूणही लक्षात ठेवावी लागते. सोलांग आणि अटल बोगद्याच्या परिसरातले घसरणाऱ्या गाड्यांचे व्हिडिओ दर हिवाळ्यात तुम्ही बघता. त्या चालकांच्या हातात स्टीअरिंग जड नसतं, लोण्यासारखं फिरत असतं. टायरखाली पातळ बर्फ आला की पकड जाते आणि स्टीअरिंग अचानक हलकं वाटतं. तुम्ही वळवता, गाडी वळत नाही. त्या वेळी जोरात ब्रेक मारायचा नाही, झटका द्यायचा नाही. पाय ॲक्सिलरेटरवरून उचलायचा, वळवलेलं थोडं सरळ करायचं आणि पकड परत येईपर्यंत थांबायचं. बर्फावर जड स्टीअरिंगपेक्षा मला या हलक्या स्टीअरिंगची जास्त भीती वाटते.

जुनी गाडी विकत घेणार असाल तर

हिवाळा ही सेकंडहँड गाडी बघायची उत्तम वेळ आहे, एका अटीवर. विकणाऱ्याला बहुतेक वेळा माहीत असतं की त्याची गाडी सकाळी काय करते. म्हणून तो तुम्हाला अकरानंतर बोलावतो, किंवा तुम्ही पोहोचायच्या आधी एक फेरी मारून आणतो. गेल्या गेल्या बोनेटवर हात ठेवून बघा. गरम लागलं तर चहा घ्या, गप्पा मारा, आणि उद्या सकाळी सहाला येतो म्हणा.

काकांनी यंदा गाडी विकायला काढली आहे. होज नवीन, पट्टा नवीन, ऑईल स्वच्छ. पहिलं गिऱ्हाईक दुपारी येऊन बघून गेलं. दुसऱ्याला त्यांनी स्वतःच पहाटेची वेळ दिली.